बर्फातला नवा जिवाणू : नाव देण्याआधीची शहानिशा



फ्रिजमध्ये ठेवलेले दूध चार-पाच दिवसांनी का बिघडते, हा प्रश्न मुले कधी ना कधी विचारतातच. ‘शिळे झाले’ असे सांगून आपण मोकळे होतो. खरे उत्तर असे आहे की फ्रिजमधल्या चार-पाच अंशांच्या थंडीत बहुतेक जिवाणू सुस्त पडतात, पण सगळेच नाही. काहींना ती थंडी मानवते. स्यूडोमोनास नावाच्या कुळातले अनेक जिवाणू त्या थंडीतही हळूहळू वाढतात आणि दुधाला वास आणतात. उर्दूत ज्यांना आपण जरासीम म्हणतो, तेच हे.

याच कुळातला एक जिवाणू हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकातल्या नमुन्यांत सापडला. २००४ साली त्याला ‘स्यूडोमोनास अंटार्क्टिका’ असे नाव मिळाले. आपल्या फ्रिजमधल्या जिवाणूचा हा एक लांबचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

‘बर्फाखाली अज्ञात जिवाणू सापडला’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. मोबाइलवर तीच बातमी मीठमसाला लावून फिरते. कोणी तिला परग्रहावरचा जीव बनवतो, तर कोणी नव्या महामारीची भीती घालतो. पण एखादा जिवाणू ‘नवीन’ आहे हे ठरवतात कसे? त्यासाठी कोणता पुरावा लागतो आणि तो कोण तपासतो? या महिन्यात आपण तेच समजून घेऊ.

थंडीत जगायचे म्हणजे काय

आपल्या पोटात राहणारा ई-कोलाय हा जिवाणू सगळे काही मनासारखे असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आता दुसरे टोक पाहा. अलास्काच्या उत्तरेला समुद्राच्या बर्फात ‘सायक्रोमोनास इंग्राहामी’ नावाचा जिवाणू सापडला. तो उणे १२ अंशांतही वाढतो, मात्र तिथे एकाचे दोन व्हायला त्याला २४० तास लागतात. म्हणजे दहा दिवस! कॅनडाच्या उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीतला ‘प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस’ त्याच्याही पुढचा. तो उणे १५ अंशांत वाढतो आणि उणे २५ अंशांतही त्याचा श्वास मंदपणे चालू असतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

हे त्यांना जमते कसे? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. हिवाळ्यात तूप थिजते, पण करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल वाहते राहते. दोन्ही स्निग्ध पदार्थच, फरक त्यांच्या मेदाम्लांच्या घडणीत असतो. प्रत्येक जिवाणूभोवती स्निग्ध पदार्थांचे एक पातळ आवरण असते. ते तुपासारखे थिजले तर अन्न आत येणार नाही, नको असलेले बाहेर जाणार नाही आणि जिवाणू मरेल. म्हणून थंडीत राहणारे जिवाणू आपल्या आवरणात तेलासारखी, न थिजणारी मेदाम्ले जास्त ठेवतात. त्यांची विकरे, म्हणजे शरीरातली रासायनिक कामे उरकणारी प्रथिने, अधिक लवचिक असतात. काही जण तर बर्फाचे स्फटिक मोठे होऊ न देणारी प्रथिनेही बनवतात.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. यातले जे खरे शीतप्रेमी असतात त्यांना आपले साधे हवामान सोसत नाही. पंधरा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ते सुखात असतात. वीस अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते. आपल्याकडच्या पंख्याखालच्या खोलीत ते टिकणार नाहीत. त्यामुळे नमुना गोळा केल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो थंडच ठेवावा लागतो आणि तिथेही वाढीसाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते.

पहिला प्रश्न : हा जिवाणू बर्फातलाच कशावरून?

तपासाची पहिली पायरी जिवाणूची नसून आपल्या स्वतःच्या हातांची आहे. माणसाच्या कातडीवर, कपड्यांवर, अवजारांवर, हवेत, सगळीकडे जिवाणू असतात. बर्फात मात्र ते अतिशय कमी. त्यामुळे बर्फाच्या नमुन्यात सापडलेला जीव मुळात बर्फातला आहे की आपणच तो सोबत नेला, हे आधी सिद्ध करावे लागते.

अंटार्क्टिकातल्या रशियाच्या व्होस्तोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदवले गेले. त्याच तळाखाली, सुमारे पावणेचार किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली एक प्रचंड सरोवर आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये रशियन पथकाचे छिद्र त्या पाण्यापर्यंत पोचले. छिद्र पुन्हा गोठून बंद होऊ नये म्हणून त्यात केरोसीन भरलेले होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बातमी आली की या पाण्यात कोणत्याही ज्ञात जिवाणूशी न जुळणारा डीएनए मिळाला आहे. जगभर गाजावाजा झाला. पण काही दिवसांतच त्याच संस्थेतल्या जनुकशास्त्र प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सांगितले की सापडले ते बाहेरून मिसळलेले जिवाणू आहेत. मूळ दावा करणारे शास्त्रज्ञ आपल्या मतावर ठाम राहिले. केरोसीन मिसळलेल्या नमुन्यावरून हा वाद मिटणे अवघडच होते.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या पथकाने अंटार्क्टिकातल्याच व्हिलन्स या दुसऱ्या सरोवरापर्यंत छिद्र पाडले. तिथला बर्फ सुमारे ८०० मीटर जाड. या पथकाने केरोसीन वापरले नाही, गरम पाण्याने बर्फ वितळवत खाली गेले. ते पाणी गाळून आणि अतिनील किरणांखालून नेऊन जंतुमुक्त केलेले होते. शिवाय त्या पाण्याचे नमुनेही वेगळे तपासले, म्हणजे सरोवरात काय होते आणि आपण काय नेले हे ताडून पाहता येईल. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले : सरोवराच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे १ लाख ३० हजार पेशी आणि डीएनएवरून ओळखलेले जवळपास चार हजार गट. यावर तसा वाद झाला नाही. दोन्ही पथकांनी अफाट कष्ट केले, पण दुसऱ्याच्या शब्दाला वजन आले ते त्याने आधी स्वतःवरच संशय घेतला म्हणून.

दुसरा प्रश्न : हा आधी कोणाला सापडला नव्हता कशावरून?

नमुना खरा ठरला की जिवाणू वेगळा काढून वाढवायचा. यासाठी काचेच्या थाळीत अगर नावाचा जेलीसारखा पदार्थ ओततात. अगर म्हणजे आपल्या घरातले चायना ग्रास! रमजानमध्ये इफ्तारसाठी ज्याचे पुडिंग बनते तेच. ही युक्ती प्रयोगशाळेत आली तीही स्वयंपाकघरातूनच. १८८१च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करत होते. जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत, पण उकाड्यात ते वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली करताना अगर वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून त्यांना ते कळले होते. त्यांनी सुचवले आणि तेव्हापासून आजपर्यंत जगातली प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळा अगर वापरते.

थाळीवर एका जिवाणूची शुद्ध वसाहत मिळाली की तिची ओळखपरेड सुरू होते. आकार, रंग, किती तापमानात वाढतो, किती मीठ सोसतो, कोणती साखर खातो, आवरणात कोणती मेदाम्ले आहेत, हे सगळे नोंदवतात. त्यानंतर डीएनए. सर्व जिवाणूंमध्ये एक जनुक समान असते. त्याला १६-एस म्हणतात. त्याची लांबी सुमारे दीड हजार अक्षरांची. १९७७ साली कार्ल वूज या अमेरिकी शास्त्रज्ञाने अशा जनुकाच्या आधाराने सजीवांची नाती मांडून दाखवली आणि तेव्हापासून ती कसोटी रूढ झाली. नव्या जिवाणूचे हे जनुक आजवरच्या सर्व ज्ञात जिवाणूंशी ताडून पाहतात. जुळणी सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी असेल, म्हणजे दीड हजारांत वीसेक अक्षरे वेगळी असतील, तर तो नवा असण्याची दाट शक्यता.

जुळणी त्याहून जास्त असली तरी गोष्ट संपत नाही. सख्खे भाऊ एकसारखे दिसले तरी माणसे दोन असतात. अशा वेळी संपूर्ण डीएनए शेजारी ठेवून तपासतात. ती जुळणी साधारण ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल तरच वेगळी प्रजाती मानतात.

तिसरा प्रश्न : दुसरा कोणी तपासू शकेल का?

इथवर आलेल्या जिवाणूला नाव देता येते. नाव दोन शब्दांचे : आधी कुळाचे, मग त्याचे स्वतःचे. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी लिहितात तसे. पण नुसते नाव छापून भागत नाही. २००१ पासूनचा आंतरराष्ट्रीय नियम असा की नव्या प्रजातीचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहालयांत ठेवला पाहिजे, तरच नाव वैध. हा नमुना अमानतीसारखा सांभाळला जातो. जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाने मागितला तर तो मिळाला पाहिजे. आपल्या देशात चंदीगडला आणि पुण्याला अशी संग्रहालये आहेत. पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा भाग आहे.

व्हिलन्स सरोवरातल्या त्या चार हजार गटांपैकी बहुतेकांना नाव का मिळाले नाही, हे आता कळेल. डीएनएवरून त्यांची चाहूल लागली, पण जिवंत वाढवून ठेवता आले ते फार थोडे.

आपल्या देशाचा वाटा

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. एकवीस जणांच्या पथकाचे नेतृत्व डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्याकडे होते. ते त्याआधी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. अलाहाबादकडच्या घरात जन्मून अलीगढला शिकलेल्या या सागरशास्त्रज्ञाने ९ जानेवारी १९८२ रोजी आपल्या पथकासह अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. मुलांना हे नाव जरूर सांगा. पाठ्यपुस्तकात ते सहसा भेटत नाही.

पुढे अंटार्क्टिकाच्या मातीतून, तळ्यांतून आणि बर्फातून सीसीएमबीच्या डॉ. एस. शिवाजी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक नव्या प्रजाती ओळखल्या. मग ते हिमालयाकडे वळले. उत्तराखंडातल्या पिंडारी हिमनदीतून मिळालेल्या जिवाणूंना ‘लायफसोनिया पिंडारिएन्सिस’ आणि ‘क्रायोबॅक्टेरियम पिंडारिएन्से’ अशी नावे मिळाली. रूपकुंडच्या हिमनदीजवळच्या मातीतला जिवाणू ‘क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्से’ झाला. आपल्याकडच्या जागांची नावे अशी जगाच्या शास्त्रीय यादीत कायमची नोंदली गेली.

थंडी फक्त ध्रुवांवर आणि डोंगरांवर नसते, आपल्या डोक्यावरही असते. २००५ साली हैदराबादहून एक महाकाय फुगा सोडण्यात आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून उडालेल्या या फुग्याखाली निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून खाली आणली गेली. तिथे कडाक्याची थंडी, अतिशय विरळ हवा आणि अतिनील किरणांचा मारा. इस्रोच्या या प्रयोगाचे नेतृत्व पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते. नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याचे पेशी विज्ञान केंद्र अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले. मार्च २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले की जिवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या, त्यांतल्या नऊ ज्ञात प्रजातींशी जुळतात आणि तीन नव्या आहेत. त्यांना नावे मिळाली ‘जॅनिबॅक्टर हॉयली’, ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि ‘बॅसिलस आर्यभट्टाय’.

हे जीव अवकाशातून आले का, असे तेव्हा सगळे विचारत होते. इस्रोने आपल्या निवेदनातच स्पष्ट केले की या अभ्यासाने तसे सिद्ध होत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत हे वाक्य मात्र बऱ्याचदा गळून गेले.

नावाचे पुढे काय झाले

या तीन नावांची पुढची हकीकत बातम्यांत आली नाही, म्हणून इथे मुद्दाम देत आहे.

२०१६ साली ‘इस्रोनेन्सिस’चे कूळ बदलले. अधिक तपासणीत त्याचे नाते सॉलिबॅसिलस या कुळाशी जुळले, म्हणून तो आता ‘सॉलिबॅसिलस इस्रोनेन्सिस’. २०१९ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ‘आर्यभट्टाय’चा संपूर्ण डीएनए जुन्या प्रजातींच्या शेजारी ठेवला. तेव्हा दिसले की तो वेगळा नाहीच, १८८४ साली अँटन डी बॅरी यांनी वर्णन केलेल्या ‘मेगाटेरियम’ या प्रजातीचाच आहे. नियम असा की जुने नाव आधी. त्यामुळे ‘आर्यभट्टाय’ हे स्वतंत्र प्रजातीचे नाव उरले नाही. तिसरा, ‘हॉयली’, आपल्या नावानिशी टिकून आहे.

मग हैदराबाद-पुण्याची मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. २००९ साली हाती असलेल्या साधनांनी जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे मांडले आणि जिवंत नमुना सर्वांसाठी ठेवून दिला. दहा वर्षांनी चांगली साधने आली, तेव्हा तोच जिवाणू पुन्हा तपासता आला. दुरुस्ती झाली ती त्यांनीच उघड्या ठेवलेल्या दारातून. माझ्या मते या साऱ्या इल्मात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. आपण केलेला दावा दुसऱ्याला तपासता येईल अशी सोय करून मगच तो करायचा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या दाव्यांपाशी अशी सोय कुठे असते?

घाई कशाची

हिमालयातल्या हिमनद्या मागे हटत आहेत. त्यांच्या पोटातले जीव वर्षानुवर्षे त्या थंडीला सरावलेले असतात. बर्फ वितळला की त्यांचे घर जाते, आणि वीस अंशांवर ज्यांची वाढ थांबते ते दुसरीकडे कुठे राहणार? त्यांतले किती ओळख पटण्याआधीच संपतील, कोण सांगणार. नुकसान फक्त ज्ञानाचे नाही. थंड पाण्यात काम करणारी विकरे या जिवांपाशी असतात. गरम पाण्याशिवाय कपड्यांचे डाग काढायचे, वीज वाचवायची, तर अशीच विकरे उपयोगी पडतात. औषध आणि अन्न उद्योगात आज जगभर वापरले जाणारे एक विकर अंटार्क्टिकातल्या यीस्टपासून मिळालेले आहे.

घरासाठी

थंडीतल्या जिवाणूंची ही माहिती आपल्या घरातही उपयोगाची आहे. फ्रिज अन्न टिकवतो, शुद्ध करत नाही. लिस्टेरिया नावाचा अपायकारक जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर बायकांना त्याचा धोका जास्त असतो. म्हणून उरलेली बिर्याणी किंवा सालन लवकर फ्रिजमध्ये ठेवा आणि काढल्यावर वाफ येईपर्यंत गरम करूनच दस्तरखानावर आणा. डीप फ्रीझरमध्ये ठेवलेल्या कुर्बानीच्या गोश्तातले जिवाणू मरत नाहीत, झोपतात. गोश्त बाहेर काढले की ते जागे होतात. तेव्हा ओट्यावर तासन्‌तास ठेवण्याऐवजी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून ते सुटू द्या आणि लगेच शिजवा.

मुलांना एक प्रयोग करायला द्या. एका वाटीत चमचाभर तूप, दुसरीत तेवढेच सूर्यफुलाचे तेल घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी दोन्ही वाट्या तिरप्या करून पाहायच्या. कोणते थिजले, कोणते वाहते, हे त्यांनी वहीत लिहावे, आणि उणे बारा अंशांतला तो जिवाणू या दोघांपैकी कोणासारखा असेल, ते कारणासह सांगावे. उत्तर तुम्ही आधी सांगू नका.